एकाच हाकेची दुपार

आमच्या नूतनला लोक देवमाणूस म्हणतात तेव्हा मला चीड येते. देवमाणसाचं जेवण झाकून ठेवणारं, गार झालं की पुन्हा गरम करणारं एक माणूस घरात असतं, त्याचं नाव कुणी घेत नाही. ते माणूस मी. मृणाली साळवे, वय सहासष्ट, प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त, लग्न न केलेली, तोंडाने फटकळ. नूतन माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून पेणच्या खाडीकडच्या टोकाला आम्ही दोघीच राहतो. आमच्या घरापुढे डांबरी रस्ता संपतो आणि मिठागरांकडे जाणारा बांध सुरू होतो.

नूतन नर्स. एका मिशनच्या दवाखान्यात तिने पंचवीस वर्षं काढली. दवाखाना बंद पडला, बाईंचं काम काही बंद पडलं नाही. कुणाची मधुमेहाची जखम चिघळलेली, कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणाची लघवीची नळी बदलायची. सकाळच्या गाडीने रोहा, दुपारी पेणमधली घरं, संध्याकाळी हमरापूरला एखाद्या मूर्तिकाराची म्हातारी आई. प्रत्येक खाटेपाशी ती अर्धं मिनिट ओठ मिटून प्रार्थना करते आणि मगच पट्टी सोडते. घर कुणाचंही असो, तिची प्रार्थना कुणाला ऐकू येत नाही आणि तिला कुणी हटकत नाही.

तिची निळी रेक्झिनची पिशवी दारामागच्या खिळ्याला टांगलेली असते. ती पूर्ण रिकामी झालेली मी कधी पाहिली नाही. बाहेरून हाक आली की नूतन आधी "आले" म्हणते आणि मग कोण आहे ते बघते. तोंडात घास असला तरी "आले", डोक्यावर पाणी ओतत असली तरी आतून "आले".

यावरून मिठागरातल्या बायका तिला रागवायच्या. आमच्या भागात एका हाकेला कुणी ओ देत नाही, त्यातून टळटळीत दुपारी तर नाहीच. माणूस असेल तर ते दुसऱ्यांदा हाक मारेल, तिसऱ्यांदा मारेल. जे एकदाच हाक मारून गप्प बसतं, ते माणूस नव्हे. माझ्या वर्गातली काही कार्टी हजेरीलाही तिसऱ्या वेळी "हजर" म्हणायची आणि वर हे कारण सांगायची. मी त्यांचे कान पिळले आहेत. आम्ही ख्रिस्ती माणसं, असल्या गोष्टींना भीक घालत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत असे. हे मुद्दाम सांगून ठेवते.

नऊ वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी मैना गेली. मैना आणि तिचा नवरा दत्तात्रेय आमच्या घरापासून पाव कोसावर, बांधाच्या पलीकडे मिठागरावरच्या झोपडीत राहायचे. भर उन्हात मीठ ओढता ओढता ती कोसळली. दत्तात्रेय नूतनला बोलवायला धावत आमच्या दारापर्यंत आला होता म्हणे, पण दार बंद होतं. त्याने मैनाला हातगाडीवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वेळेवर सलाईन लागलं असतं तर कदाचित जगली असती, असं नंतर कुणीतरी बोललं, आणि ते नेमकं नूतनच्या कानावर गेलं.

नूतन त्या वेळी घरात झोपलेली होती. लागोपाठ सहा दिवस आणि दोन रात्री एका बाळंतिणीपाशी काढून ती परतली होती आणि प्रार्थनेहून आल्या आल्या आडवी झाली होती. आपण झोपलो, हाक ऐकली नाही आणि मैना मेली, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. त्यानंतर नऊ वर्षांत तिने रविवारी पाठ टेकली नाही. आणि गंमत बघा, सगळ्या गावाच्या जखमा धुणारी ही बाई दत्तात्रेयच्या झोपडीकडे मात्र एकदाही फिरकली नाही. त्यानेही बोलावलं नाही.

या वर्षी फेब्रुवारीत ती रोह्याच्या फलाटावर पडली. शुद्ध आली तेव्हा पिशवी छातीशी घट्ट धरलेली होती, असं ज्यांनी उचललं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की हृदय थकलं आहे, आठवड्यातून एक दिवस ही बाई पूर्ण झोपली नाही तर पुढच्या खेपेला उठायची नाही. आमचे पाळक सुजय यांनी तर तिच्यासाठीच म्हणून उपदेश केला. वादळात होडी हेलकावत असताना प्रभूसुद्धा उशीवर डोकं ठेवून झोपले होते, तर तू कोण लागून गेलीस, असा एकूण सूर होता. नूतनने ऐकून घेतलं आणि बाहेर पडताना म्हणाली, शिष्यांनी हाक मारली तेव्हा ते उठले होते, पाळकसाहेब. मी दंडाला धरून तिला घरी आणलं आणि झोपवलं.

पहिल्या रविवारी दुपारी ती झोपेतच "आले" म्हणाली. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. बाहेरून काहीच आवाज आला नव्हता. मी जाऊन पाहिलं तर ती उठून बसली होती, डोळे उघडे, पण माझ्याकडे पाहत नव्हती. खांद्याला धरून निजवलं तशी निजली.

दुसऱ्या रविवारी माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा नूतन अंथरुणावरच होती, कुशीवर वळून झोपलेली. बरं वाटलं. पाणी प्यायला उठले तर दारापासून तिच्या खाटेपर्यंत पांढरे ठसे. वाकून पाहिलं. ओल्या पावलांचे ठसे सुकून मागे मीठ उरलं होतं, टाच आणि पाची बोटं स्पष्ट. तिच्या तळपायांच्या भेगांत मिठाचे कण चमकत होते. ती बांधावर जाऊन आली होती, भर उन्हात, अनवाणी. ती उठल्यावर मी विचारलं, झोप लागली का? ती म्हणाली, लागली, पण ताई, पाय का चुरचुरताहेत कोण जाणे. मी ओल्या फडक्याने फरशी पुसून टाकली होती.

तिसऱ्या रविवारी मी दाराला आतून कडी घातली आणि दारापाशी खुर्ची टाकून बसले. मार्चचं ऊन. बांधाकडे पाहिलं की डोळे दिपायचे, मिठाच्या ढिगांपलीकडे काही दिसत नव्हतं. एकही कावळा बोलत नव्हता. दीड वाजला असेल. तेव्हा मला ती हाक ऐकू आली.

"नूतनबाय गो."

एकदाच. अगदी दाराला लागून. आणि त्यामागोमाग धाप. धावत आलेलं माणूस दाराला टेकून श्वास घेतं तशी धाप, आत घरघर असलेली. मी खिडकीतून पाहिलं. उंबऱ्यासमोर कुणी नव्हतं. रस्ता मोकळा, बांध मोकळा, आणि धाप मात्र चालूच.

आतून नूतन म्हणाली, "आले."

ती उठून आली. खिळ्यावरची पिशवी काढली, मला ओलांडून कडीला हात घातला. साठीला टेकलेली, आजारी बाई, पण मी तिला अडवू शकले नाही. ती बांधावर उतरली आणि चालू लागली, मी चप्पल शोधत मागे. पिशवी सांभाळत ती सरळ मिठागरात शिरली, घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात, आणि दत्तात्रेयच्या झोपडीपासून वीसेक पावलांवर थांबली. पुढे जाईना, मागे येईना. ओठ हलत होते. चेहरा उन्हाने काळाठिक्कर पडला होता. मी हाताला धरलं तेव्हा नाडी लागेना, इतकी बारीक झाली होती. तिला घरी कशी आणली ते माझं मला ठाऊक. आणखी एक रविवार असा गेला तर ती तिथेच, त्या पाण्यात पडणार होती, एवढं मला कळलं.

आणखीही एक गोष्ट कळली होती. ती धाप मी ओळखली होती. ती मी याआधी एकदा ऐकली होती, नऊ वर्षांपूर्वी, याच दाराआड उभी राहून.

आता सांगते. त्या दुपारी मी जागी होते. दत्तात्रेयची हाक मी ऐकली होती. आत नूतन झोपेतच "आले" म्हणाली आणि उठायला लागली. दोन रात्रींचं जागरण, डोळे सुजलेले. मला तिची इतकी दया आली, आणि तितकाच बाहेरच्या माणसाचा राग आला. हिला माणूस समजत नाहीत, मेल्यावर तरी सोडतील का, असं मनात आलं. मी तिच्या छातीवर हात ठेवून तिला परत निजवलं. "कुणी नाही, झोप" म्हटलं. मग पाय न वाजवता गेले आणि नुसत्या लोटलेल्या दाराला कडी घातली. दुसरी हाक आली तर उघडेन, असं मनाशी ठरवलं होतं. दुसरी हाक आली नाही. एका हाकेला ओ देत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. मुलांचे कान पिळणारी, कशाला भीक न घालणारी मी, त्या दुपारी त्याच समजुतीच्या आड लपले.

संध्याकाळी बातमी आली आणि मी गप्प बसले. नऊ वर्षं गप्प बसले.

त्या आठवड्यात नूतनला मी एकटीला कुठे सोडलं नाही. शुक्रवारी ती रोह्याला जायची, हन्नाबाईंकडे. हन्नाबाई नव्वदीच्या घरातल्या, तिथल्या उरल्यासुरल्या ज्यू कुटुंबांपैकी एक. मुलगा एलिजा इस्रायलला, घरात ही एकटी आणि तिची एक मोलकरीण. पायाची जखम शुक्रवारी दुपारच्या आतच बांधून व्हायला हवी, कारण सूर्य बुडाला की तिचा शब्बाथ लागतो आणि मग ती शनिवारी तारे दिसेपर्यंत काडीला हात लावत नाही. नूतन पट्टी बांधत होती. गाठ मारताना ती दोनदा चुकली. मी तोंड आवरलं नाही. म्हटलं, बघा हन्नाबाई, घाण्याचा बैल झालाय नुसता, सोडला तरी फिरतोय.

हन्नाबाई हसली नाही. तिने मला नीट न्याहाळलं आणि आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांचा तेलाचा घाणा होता. त्यांच्या लोकांना शनिवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणून. एका शुक्रवारी आजोबांना उशीर झाला. त्यांनी घाईघाईने बैलाचं जू काढलं, अंगणात मोकळा सोडला आणि प्रार्थनेला गेले. बैलाच्या डोळ्यांवरची झापड सोडायची राहिली. बैल रात्रभर अंगणात गोल फिरत राहिला. मानेवर जू नाही, मागे घाणा नाही, तरी फिरतोय. सकाळी आजी उठली तेव्हा अंगणात खोल गोल चर पडला होता आणि बैल त्यातच पडला होता.

"आजोबा आयुष्यभर म्हणायचे," हन्नाबाई म्हणाली, "जू कुणीही काढील गो. पण झापड ज्याने बांधली त्यानेच सोडायची असते."

हे ती नूतनला बोलली असेल. पाहत माझ्याकडे होती.

परतीच्या गाडीत डबा निम्मा रिकामा होता. नागोठणं गेल्यावर मी नूतनला सगळं सांगितलं. हाक, कडी, तिच्या छातीवर ठेवलेला हात. खिडकीबाहेर बघत बोलत होते, तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

कासू स्टेशन आलं, गेलं. मग तिने विचारलं, "मी काय म्हणाले होते तेव्हा?"

"आले, म्हणालीस."

"म्हणजे मी उठत होते."

"उठत होतीस."

ती रडली. पदर तोंडाला लावून, पेण येईपर्यंत. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने तो बाजूला केला. बरोबरच होतं. त्या दिवशी विश्रांती मी माझ्या पदरची दिली नव्हती, मैनाच्या आयुष्यातून काढून दिली होती. तिला खरंच झोपू द्यायचं होतं तर पिशवी उचलून मी स्वतः धावायला हवं होतं. सलाईन लावता आलं नसतं, पण डोक्यावर पाणी ओतता आलं असतं, हातगाडी ढकलता आली असती. हे एवढं साधं गणित, आणि मी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं.

शुक्रवारी रात्री आणि शनिवारभर ती माझ्याशी बोलली नाही. एवढंच केलं की शनिवारी संध्याकाळी मला पाटावर बसवलं, पिशवी पुढ्यात पूर्ण रिकामी केली आणि जखम कशी धुवायची, गॉज कसं ठेवायचं, पट्टी किती घट्ट ओढायची ते स्वतःच्याच पायावर करून दाखवलं. एक अक्षर न बोलता. चुकलं की सोडून परत बांधायला लावायची. चार वेळा सोडली.

रविवारी प्रार्थनेहून आलो. ती जेवली आणि आडवी झाली. दारामागच्या खिळ्यावर पिशवी नव्हती. ती माझ्या खुर्चीच्या पायाशी ठेवलेली होती.

दीडच्या सुमारास बाहेर सगळं थांबलं. कावळे गप्प झाले. मी पंख्याचं बटण बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. आणि हाक आली.

"नूतनबाय गो."

एकदाच. मग धाप.

मी नूतनकडे पाहिलं. तिच्या पापण्या हलल्या. ओठ किंचित उघडले. मला वाटलं, आता म्हणणार. दारापलीकडे कुणी नाही हे मला ठाऊक होतं, आणि कुणीतरी आहे हेही ठाऊक होतं. दुसऱ्या हाकेची वाट पाहावी असं एक मन म्हणालं. ते मन मी ओळखून होते.

"आले," मी म्हटलं.

धाप थांबली. नूतनने ओठ मिटले, कूस बदलली आणि एक लांब श्वास सोडला. मी पिशवी उचलली.

बांधावर माझ्या पुढे कुणीतरी चालत असल्यासारखं वाटत होतं. दिसत काही नव्हतं. फक्त कोरड्या मातीवर माझ्या चार पावलं पुढे ओल्या पायाचा ठसा उमटायचा आणि मी तिथे पोचेपर्यंत वाळून पांढरा व्हायचा. उन्हात डोळे दिपले की असं दिसतं, असं मी वर्गात मुलांना सांगितलं असतं. मी खाली न बघता चालत राहिले. ठसे झोपडीपाशी संपले.

दत्तात्रेय दारात, सावलीत बसला होता. म्हातारा झाला होता. उजव्या पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं, त्यावर माश्या. मिठात काम करणाऱ्यांच्या तळव्याला चीर पडली की ती भरत नाही. त्याने मला पाहिलं, पिशवी पाहिली.

"मी नाय बोलावला बाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, माहीत आहे. मग तिथेच मातीत बसले आणि पिशवी उघडण्याआधी सांगून टाकलं की त्या दिवशी दार मी बंद केलं होतं, नूतन उठत होती आणि मी तिला निजवलं. तू एकदाच हाक मारलीस म्हणून मी गप्प राहिले, हेही सांगितलं. एवढ्यावरही स्वतःच्या बाजूचं काहीतरी बोलल्याशिवाय मला राहवलं नाही.

दत्तात्रेयने फडक्यावरच्या माश्या हाकलल्या.

"ठाव हाय," तो म्हणाला. "कडी सरकल्याचा आवाज आला व्हता. म्हणून दुसरी नाय मारली."

मला वर बघता येईना. त्याने हळूच आपला दुखरा पाय पुढे सरकवला आणि माझ्या मांडीपाशी ठेवला. मी ओठ मिटून अर्धं मिनिट थांबले. प्रार्थनेला शब्द सापडले नाहीत. मग फडकं सोडलं, जखम धुतली, पट्टी बांधली. ती सैल झाली. सोडून पुन्हा बांधली. मी निघताना त्याने एवढंच विचारलं, नूतनबाय बरी हाय ना. मी म्हटलं, झोपली आहे.

घरी परतले तेव्हा चार वाजून गेले होते. कावळे परत बोलू लागले होते. नूतन त्याच कुशीवर होती, जराही हललेली नव्हती. मी तिच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास येत होता, संथ आणि ऊबदार.

पिशवी मी माझ्या खुर्चीपाशी ठेवली. दार लोटून घेतलं आणि कडी न लावता तिथेच बसून राहिले.